अंबुजाबाईंची टोचणी

घोड्याच्या कानाशी कोणीतरी माझ्याबद्दल बोलत होतं, आणि तेही मराठीत.

चेन्नईजवळ ओरगडमला, ट्रकच्या कारखान्यांच्या मागे, भास्करन यांच्या घोड्यांची पागा होती. भास्करन यांचा अंबत्तूरला रबरी वॉशरचा कारखाना; घोडे हा मुलीपायी जडलेला नाद. मी तिथं दुसरा डॉक्टर म्हणून लागलो त्याला तीन दिवस झाले होते. चेन्नईत येऊन चार वर्षं झाली होती, आणि घर सोडलं तर मराठी कानावर पडत नव्हती. त्यामुळे त्या सकाळी एका घोड्याच्या ठाणाच्या अर्ध्या दारापलीकडून बाईमाणसाचा आवाज आला तेव्हा मी जागीच थबकलो.

"नवा डॉक्टर पाहिलास नव्हें? शिकलेला आहे. माणूस बरा दिसतो. पण हात फार कडक रे, लेकरा. सुई टोचतो कीं खिळा मारतो, तेंच मला कळेना."

मी खाकरलो. घोड्याच्या मानेमागून एक डोकं बाहेर आलं. पन्नाशीची, सावळी, ठेंगणी बाई. सलवार-कमीजवर पुरुषी शर्ट, वेणीत मोगऱ्याचा गजरा, आणि गळ्यात दोरीला अडकवलेला थर्मामीटर. आदल्या दिवशी हिच्याशी माझी इंग्रजीतून ओळख झाली होती. पागेच्या मुख्य डॉक्टर, अंबुजा राव.

"अय्यो! तुम्हांस मराठी येतें?"

"मी मराठीच आहे. शेलार."

"शेलार म्हणजे मराठी कां? मी तुम्हांस पंजाबी समजलें." लाजणं वगैरे काही नाही. "बरें झालें. मग परत सांगायला नको. हात सैल करा, शेलारराव."

त्यांच्या घराण्यात सगळेच राव, त्यामुळे मलाही त्यांनी तिथल्या तिथं राव करून टाकलं. त्यांचे पूर्वज तंजावरला कधी आले हे त्यांनाही नीट सांगता येत नसे. त्या स्वतः अंबत्तूरला वाढल्या, तमिळ शाळेत शिकल्या, महाराष्ट्रात एकदाही गेल्या नव्हत्या. घरी म्हाताऱ्या वडिलांशी मराठी बोलत आणि पागेत घोड्यांशी. तिसरं कोणी नव्हतं. घोडे सांभाळणाऱ्या सईसांचा असा समज होता की अक्का घोड्यांवर काहीतरी मंत्र घालतात. प्रत्यक्षात त्या घोड्यांना सांगत असत की काल नळाला पाणी आलं नाही, अप्पांनी औषध थुंकून टाकलं, बसमध्ये एका बाईनं पाय तुडवला. मी आल्यावर पहिल्यांदाच ते मंत्र कोणालातरी समजू लागले.

आता खरं सांगायचं तर त्या पहिल्या दिवसापासून मी या बाईवर जळत होतो. माझ्याकडे मास्टर्सची पदवी होती, परदेशातला घोड्यांचा खास कोर्स होता. त्यांच्याकडे साधी पदवी आणि गुराढोरांच्या सरकारी दवाखान्यातली पंधरा-सोळा वर्षं. तरी भास्करन प्रत्येक गोष्टीला "अक्कांना विचारा" म्हणत. मी चार वाक्यांत निदान सांगावं, त्यांनी ते ऐकून मान डोलवावी, आणि मग अंबुजाबाईंकडे पाहावं. त्यांनी "होय" म्हटलं की मगच औषध यायचं. मुख्य सईस मुरुगेसन तर माझ्या सूचना ऐकताना नजर सतत फाटकाकडे ठेवी, बाई आल्या का पाहायला.

भाषेतही त्यांनी मला सोडलं नाही. मी इंजेक्शन म्हणायचो, त्या टोचणी म्हणायच्या. मी स्टेबल म्हणायचो, त्या पागा. मी विचारायचो, त्या पुसायच्या. एकदा डबा उघडून त्यांनी माझ्या पानात डांगर पच्चडी वाढली, उडदाच्या पिठाची दह्यातली, आणि मी म्हणालो, "टेस्ट छान आहे." त्या हसल्या. "तुम्ही महाराष्ट्रांतून आलांत आणि चव तिथेंच ठेवून आलांत कां?" मी हसलो, पण ते वाक्य मला चार दिवस सलत राहिलं. मराठी ही तिथं माझी एकट्याची इस्टेट असायला हवी होती. तीही या बाईंकडे माझ्यापेक्षा जास्त निघाली.

मेगम नावाचा एक काळाभोर घोडा होता. तमिळमध्ये मेगम म्हणजे ढग. भास्करन यांची मुलगी कयल सतरा वर्षांची, ती त्याच्यावरून अडथळ्यांच्या उड्या मारायची. हा मेगम सुईला कमालीचा भ्यायचा. मी पुढे झालो की पांढरे डोळे करायचा आणि मागच्या पायांवर उभा राहायचा. एकदा त्यानं मुरुगेसनला भिंतीवर आपटलं. मी नाकाला फास लावायला सांगितला, परदेशात तसंच शिकवलं होतं. तेवढ्यात अंबुजाबाई आल्या. त्यांनी फास काढायला लावला आणि घोड्याच्या खांद्याला खांदा लावून नुसत्या उभ्या राहिल्या. अप्पांच्या गुडघ्याचं सांगू लागल्या. बोलता बोलता मानेची कातडी चिमटीत धरून जरा दाबली, सोडली, परत दाबली. पाचव्या की सहाव्या दाबाला सुई आत गेली होती आणि घोड्याला पत्ता नव्हता. मला तरी कुठे होता? मी डोळे लावून पाहत होतो, आणि मलाही तो क्षण सापडला नाही.

नंतर घरी मी उशीवर चिमटी धरून ते करून पाहिलं. माझ्या बायकोनं विचारलं, काय चाललंय? मी म्हणालो, काही नाही.

त्या वर्षी पागेतले चार घोडे आखातातल्या एका स्पर्धेला जायचे ठरले, विमानानं. घोडा परदेशी न्यायचा म्हणजे त्याचाही पासपोर्ट लागतो. छोटी वही असते, तिच्यात घोड्याच्या अंगावरच्या भोवऱ्यांपासून पांढऱ्या ठिपक्यांपर्यंत सगळं काढलेलं असतं, आणि मागच्या पानांवर फ्लूच्या लसीची नोंद असते. घोड्यांचा फ्लू माणसांसारखाच. एक खोकला की आठवड्यात अख्खी पागा खोकायला लागते. म्हणून नियम कडक. पहिल्या टोचणीनंतर दुसरी किमान तीन आठवड्यांनी, पण साठ दिवसांच्या आत. एकसष्टावा दिवस उजाडला तर पहिली बाद. सगळं मुळापासून.

हे काम अर्थातच बाईंचं होतं. आणि ज्यानं टोचणी दिली, त्याच डॉक्टरनं घोड्यांबरोबर विमानातून जायचं, असं भास्करन यांनी ठरवून टाकलं. एकच जागा होती. मला कोणी विचारलंही नाही.

लसीच्या बाबतीत बाई एखाद्या सोवळ्यातल्या बाईसारख्या वागायच्या. गिंडीच्या औषधवाल्याकडून लस आणायची तर भास्करन यांची एसी गाडी नको, कारण ड्रायव्हर पेटी डिकीत टाकतो आणि "डिकी म्हणजे चूल." त्या बसनं यायच्या, थंड पेटी मांडीवर घेऊन. पेटी खाली ठेवायच्या नाहीत, दुसऱ्याच्या हाती द्यायच्या नाहीत. एकदा त्यांच्या वडिलांना दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून लस आणायला मी गेलो, गाडीनं. पेटी माझ्या शेजारच्या सीटवर ठेवली, बर्फ भरपूर भरला. मला वाटलं, चला, यात तरी काही चुकणार नाही.

पागेत बाईंनी पहिली बाटली हातात घेतली, हलवली आणि उन्हाकडे धरली. मग दुसरी, मग तिसरी. आत रव्यासारखे कण दिसत होते. लस गोठली होती. गोठून वितळलेली लस म्हणजे नुसतं पाणी, ते मलाही ठाऊक होतं. पण भास्करन उभे होते, कयल उभी होती, चारही घोडे बांधून तयार होते. मी हळूच म्हणालो, "थोडेसे कण आहेत. चालून जाईल."

बाईंनी सगळ्या बाटल्या एकेक करून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

"कोणी भरली होती पेटी?" भास्करननी विचारलं.

"बर्फ आणि बाटलीच्या मध्ये कापड राहिलं नाही," बाई म्हणाल्या. "परवा मी आणते."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. पण तिथं कोण असं होतं ज्याला ते माहीत नव्हतं? मुरुगेसननं माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. त्या दिवशी मी मनात ठरवलं की या बाईंची एक तरी चूक मला सापडायला हवी.

ती सापडली.

बाईंचा मोबाइलवर विश्वास नव्हता. दिवस मोजायचे ते मुठीवर. मूठ वळून बोटांच्या पेरांच्या उंचवट्यांवर आणि मधल्या खाचांवर महिने म्हणत जायचे. उंचवटा आला की एकतीस, खाच आली की तीस. सोबतीला भिंतीवरचं तमिळ कॅलेंडर, रोज एक पान फाडायचं तसलं, त्यावर राहुकाळाच्या वेळाही छापलेल्या. राहुकाळात त्या सुई हातात घेत नसत. "राहुकाळ घोड्यास नसतो, मला असतो," म्हणायच्या. ज्या दिवशी टोचणी दिली त्या दिवसाचं पान फाडून, त्यावर घोड्याचं नाव लिहून, दोऱ्यात ओवून ठेवायच्या. मी त्यांना फोनमधला गजर लावून देऊ का विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "फोन विझतो, मूठ विझत नाहीं."

मेगमची पहिली टोचणी जुलैत झाली. दुसरी सप्टेंबरात व्हायची होती. ठरल्या दिवशी बाईंनी थर्मामीटर लावला तर त्याला कणकण होती. ताप असलेल्या घोड्याला त्या कधीच टोचत नसत. मुठीवर पुन्हा मोजून म्हणाल्या, "अजून एक दिवस हातीं आहे." दुसऱ्या दिवशी ताप उतरला, टोचणी दिली, नोंद केली, सही-शिक्का मारला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला सरकारी अर्ज भरायचे होते. घोड्यांच्या कातडीखालच्या चिपचे नंबर पासपोर्टांवरून उतरवायचं काम भास्करननी मला दिलं. कारकुनाचं काम. मी चडफडत वह्या उघडल्या. मेगमच्या वहीचं मागचं पान सहज उलटलं आणि दोन तारखा पाहिल्या. माझं गणित बरं आहे. जुलै एकतीस, ऑगस्टही एकतीस. मी परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. एकसष्ट.

काय झालं असेल ते लगेच लक्षात आलं. मुठीवर जुलै शेवटच्या उंचवट्यावर येतो. तिथून पुढे जायचं तर मूठ पुन्हा पहिल्यापासून मोजायची असते, कारण ऑगस्टही उंचवट्यावरच आहे. बाई त्याच वाटेनं मागे फिरल्या असणार आणि ऑगस्ट खाचेत पडला असणार. एक दिवस नाहीसा झाला.

स्पर्धेला जायला दोन महिन्यांहून अधिक वेळ होता. त्याच दुपारी सांगितलं असतं तर मेगमला पुन्हा पहिली टोचणी देता आली असती, तीन आठवड्यांनी दुसरी, आणि वर दिवस उरले असते. बाई शेजारच्या खोलीत डबा खात होत्या. मधे एक दार होतं, आणि ते उघडंच होतं.

मी वही मिटली आणि चिपचे नंबर लिहायला घेतले.

उद्या सांगू, असं मी स्वतःला म्हटलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, त्यांच्या लक्षात येईलच. मग म्हटलं, मला ते काम दिलेलं नाही. एक आठवडा गेल्यावर सांगणं अवघड झालं, कारण त्या म्हणाल्या असत्या, मग आठवडाभर गप्प कां? असे आठ आठवडे गेले. मी रोज सकाळी पागेत जायचो. कयल मेगमवरून उड्या मारत असायची, मी तिला गुड मॉर्निंग म्हणायचो. अंबुजाबाई रिंगणाच्या कठड्यावर हनुवटी ठेवून तिच्याकडे पाहत असायच्या आणि दर उडीला स्वतःचा श्वास रोखायच्या. ते पाहून मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटायचं, बघू आता काय होतं ते.

विमान एका सोमवारी होतं. त्याच्या आधीच्या पंधरवड्यातल्या एका सकाळी बाई भास्करन यांच्या पागेतल्या छोट्या ऑफिसात आल्या. मी तिथंच होतो. कयलही होती, बूट काढत होती. बाईंनी मेगमची वही टेबलावर ठेवली आणि तमिळमध्ये सरळ सांगितलं, "सार, माझी चूक झाली. दुसरी टोचणी एक दिवस उशिरा पडली आहे. मेगम जाऊ शकत नाही."

भास्करनना आधी समजलंच नाही. मग त्यांनी वही ओढली, बोटांवर मोजलं. "एक दिवस? एका दिवसानं काय होतं?"

"नियम आहे, सार."

"मग आज द्या पुन्हा."

"आज पहिली दिली तर दुसरीला तीन आठवडे लागतील. विमान त्याआधी आहे."

कयल एका पायात बूट घालून उभी राहिली. ज्युनियर गटातलं तिचं ते शेवटचं वर्ष होतं, आणि तिची निवड मेगमबरोबर झाली होती. दुसऱ्या घोड्यावरून जाता येत नव्हतं. ती टेबलाची कड धरून उभी राहिली.

भास्करन आवाज खाली आणून म्हणाले, "अक्का, तारखेतल्या नऊचा आठ करायचा आहे. एक आकडा. पेन तुमचं, सही तुमची. मी तुमच्याकडून कधी काही मागितलंय?"

"नाही मागितलं."

"मग?"

बाईंनी कयलकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच होता. "तिथं चार देशांचे घोडे एका छपराखाली राहणार, सार. त्यांच्या वह्या ज्यांनी लिहिल्या, त्यांनी खरं लिहिलं असेल म्हणूनच आपण आपले तीन पाठवतो आहोत ना? मी खोटं लिहिलं तर ती वही कशाला?"

भास्करन माझ्याकडे वळले. "शेलार, ऑक्टोबरमध्ये या वह्या तुमच्याकडे होत्या. तुम्ही पाहिलं नाहीत?"

"मी फक्त चिपचे नंबर उतरवले," मी म्हणालो. "तारखा पाहिल्या नाहीत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग त्या वही उचलून म्हणाल्या, "त्यांचं ते काम नव्हतं."

त्याच दिवशी त्यांची नोकरी गेली. भास्करन ओरडले नाहीत; उद्यापासून येऊ नका, एवढंच म्हणाले. बाईंनी दोऱ्यात ओवलेली कॅलेंडरची पानं मुरुगेसनच्या हाती दिली, कुठल्या घोड्याची पुढची टोचणी कधी ते त्याला दोनदा पाठ म्हणायला लावलं, आणि बसथांब्याकडे चालत गेल्या. विमानातली जागा मला मिळाली. अपेक्षा होती तसंच सगळं घडलं होतं. त्या रात्रीपासून माझी झोप उडाली.

दहा दिवसांनी मुरुगेसनकडून कळलं की अक्का शनिवारी सकाळी समुद्रावरच्या घोड्यांना धनुर्वाताची लस देतात. नोकरी गेल्यामुळे नव्हे. गेली कित्येक वर्षं देतात. हे मला ठाऊकच नव्हतं. मरीनावर पोरांना फिरवणारी ती तट्टं, पाठीवर झालरी, गळ्यात कागदी फुलं, आणि चालून चालून खपाटीला गेलेली पोटं. त्यांना कोण परदेशी नेणार होतं?

मी गेलो. वाळूत सात-आठ तट्टं उभी होती आणि बाई एका घोडेवाल्यावर तमिळमध्ये तोंड सोडत होत्या, कारण त्यानं खोगिराखालची जखम दाखवली नव्हती. तो ऐकून घेत होता. मला पाहून त्यांना नवल वाटलं नाही, निदान दिसलं तरी नाही. घोडेवाला पाणी आणायला गेला तशी त्यांनी एका तट्टाची दोरी माझ्याकडे केली.

"धरा."

मी धरली. त्या बाटलीतून औषध ओढत होत्या. मी ठरवून आलो होतो ते एका दमात बोलून टाकलं. "बाई, मी ती तारीख पाहिली होती. ऑक्टोबरमध्येच. मोजलीही होती."

त्यांनी आधी टोचणी दिली. सुई काढली, जागा चोळली, टोपण लावलं.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तारखेच्या शेजारीं पेन्सिलीचा ठिपका होता. मोजतांना तुम्ही टेकवला असाल. त्या ठिपक्यामुळेंच माझी नजर तिथें गेली."

मला तो ठिपका आठवत नव्हता. आजही आठवत नाही. "पण वहीत... भास्करननी पाहिली तेव्हा तर..."

"मी खोडून टाकलें."

मी विचारलं, "माझ्यासाठी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं. "वहीत पेन्सिल चालत नाहीं, शेलारराव. एवढेंही ठाऊक नाहीं?"

सुई बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "चूक माझी. माझी मूठ, माझी सही. त्याचें मी भरलें. पण तुम्ही मला कशाला सांगतां? मला सांगून तुम्हांस बरें वाटेल, तिचें काय? पोरीस जाऊन सांगा."

"सांगतो."

"आज सांगा."

मी त्याच संध्याकाळी अंबत्तूरला भास्करन यांच्या घरी गेलो आणि बापलेकीसमोर सगळं सांगितलं. कयलनं शेवटपर्यंत ऐकलं. मग एवढंच म्हणाली, "अंकल, तुम्ही मला रोज गुड मॉर्निंग म्हणत होतात." आणि आत निघून गेली. एका दिवसावर आलेल्या विमानाला दुसरा डॉक्टर मिळणं शक्य नव्हतं, म्हणून सोमवारी तीन घोड्यांबरोबर मीच गेलो. परत आल्यावर मी राजीनामा दिला, भास्करननी तो घेतला. मग म्हणे ते स्वतः अंबुजाबाईंना बोलवायला त्यांच्या घरी गेले होते. तोवर त्या वडिलांना घेऊन तंजावरकडे निघून गेल्या होत्या. तिकडच्या एका गुरांच्या दवाखान्यात लागल्या. मेगम पुढच्या वर्षी परदेशी गेला, दुसऱ्याच कोणाला पाठीवर घेऊन. मी आता अंबत्तूरच्या एका दवाखान्यात कुत्र्या-मांजरांना टोचतो. हात सैल झाला आहे, असं लोक म्हणतात.

बाईंना मी परत पाहिलं नाही. शेवटचं पाहिलं ते त्या शनिवारी.

"आज सांगा," म्हणून त्यांनी माझ्या हातातली दोरी काढून घेतली आणि परत आलेल्या घोडेवाल्याला दिली. पुढचं तट्टू पांढरं होतं, म्हातारं, एका डोळ्यात फूल पडलेलं. त्या बाजूनं त्याला दिसत नव्हतं, म्हणून बाई वळसा घालून त्याच्या चांगल्या डोळ्याकडे गेल्या आणि आधी तिथं उभ्या राहिल्या. भरती चढत होती. एक लाट येऊन त्यांच्या सलवारीचे पाय घोट्यापर्यंत भिजवून गेली, त्यांनी पाहिलंही नाही. तट्टानं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं. त्या काहीतरी बोलत होत्या. वाऱ्यामुळे मला शब्द ऐकू येत नव्हते. मी दोन पावलं पुढे सरकलो, तरी ऐकू आले नाहीत. तिसरं पाऊल मी टाकलं नाही. रिकाम्या हातांनी वाळूत उभा राहिलो, आणि मला त्या म्हाताऱ्या तट्टाचा हेवा वाटला.